मेहतरांचा संप आणि माझी साक्ष

ती पडली तेव्हा मी मागच्या दारात उभी होते.

आमच्या घरामागे दोन माणसं जेमतेम एकमेकांना ओलांडतील एवढी गल्ली होती. दोन्ही बाजूंच्या घरांचे संडास त्या गल्लीत उघडायचे. खाली पत्र्याची झडप, आत टोपली. मेहतरीण सकाळी यायची, टोपली ओढायची, लोखंडी पट्टीनं खरवडून डब्यात रिकामी करायची आणि भरलेला डबा डोक्यावर घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या हेल्याच्या, म्हणजे रेड्याच्या, गाडीपर्यंत जायची. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या कापसाच्या गावात तेव्हा सगळीकडे असंच होतं. नागपूर आमची राजधानी होती तेव्हाची ही गोष्ट. नगरपालिकेला आम्ही नुसतं 'कमेटी' म्हणायचो.

ती सात महिन्यांची पोटुशी होती आणि मी सहा. एवढीच आमची ओळख. एकदा झडप लावता लावता ती म्हणाली होती, "बाईजी, तुमाले कोनता महिना चालू आहे?" मी म्हटलं, "सहावा." ती हसली. "मंग माहं पुढं आहे."

त्या सकाळी तिचा पाय घसरला तो आमच्याच मोरीच्या पाण्यावर. तिथं शेवाळ धरलं होतं, मला माहीत होतं, चार दिवस घासायचं राहून गेलं होतं. ती पोटावर पडली आणि डबा तिच्या अंगावर पालथा झाला. ओरडलीसुद्धा नाही. थोड्या वेळानं तिनं मान उचलली. तिच्या लुगड्याला खाली रक्त लागत होतं आणि ते त्या घाणीत मिसळत होतं.

मी पायरी उतरले. ती म्हणाली, "मले हात नोका लावू बाईजी. मी भरली आहो."

ते ऐकून मला बरं वाटलं. खरं तेच लिहिते आहे. तिनं नको म्हटलं म्हणून माझी सुटका झाली. मी आत जाऊन बादली आणली आणि लांबूनच तिच्या अंगावर पाणी टाकलं. एक, दोन, तीन बादल्या. ती हात टेकून बसायचा प्रयत्न करत होती आणि मी पाणी टाकत होते. शेवटी शेजारच्या गल्लीतल्या दोघी मेहतरणी धावत आल्या आणि तिला उचलून घेऊन गेल्या. दुपारी कळलं, मूल मेलेलं जन्मलं.

आठवड्यानं गल्लीत दुसरीच बाई आली. तिच्यामागे जमादार, म्हणजे कमेटीचा मुकादम, उभा होता. मी विचारलं, "ती कुठे आहे?"

"तिचं नाव काटलं," तो म्हणाला. "खाडे झाले ना."

दुसऱ्या दिवसापासून कोणीच आलं नाही.

कमेटीच्या भिंतीवर मेहतरांनी मागण्यांचा कागद चिकटवला. तो लिहिला होता कापसाची सरकी काढायच्या जिनातल्या एका मेकॅनिकनं. जिनातली युनियन त्यानंच उभी केली होती, आणि आता तो मेहतरांच्या वस्तीत जाऊन बसायचा. बाळंतपणाची पगारी रजा. आठवड्याला एक सुटी. आजारी पडल्यास नाव न काटणे. डोक्यावरच्या डब्याऐवजी चाकाची गाडी. आणि सगळ्यात वर, तिला कामावर परत घेणे.

मी कमेटीच्याच मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. माझी बाळंतपणाची पगारी रजा महिन्यापूर्वीच मंजूर झाली होती. मंजुरीच्या कागदावर सही होती अध्यक्षांची, आणि 'शुभेच्छा' असं त्यांनी स्वतःच्या हातानं खाली लिहिलं होतं. ते वकील होते. अक्षर सुंदर होतं.

तिसऱ्या दिवशी गाव कुजायला लागलं. गाडीला हेले जुंपायला कोणी नव्हतं. टोपल्या भरून गल्लीत वाहू लागल्या. बाजारात एक कुत्रं मरून पडलं होतं, ते फुगलं, फुटलं, तरी तिथंच. पाण्याच्या नळावर, पानाच्या ठेल्यावर, शाळेत, जिथं तिथं एकच वाद. कोणी म्हणे, त्यांनी थोबाडीत खाल्ल्याशिवाय ते ऐकणार नाहीत. कोणी म्हणे, द्या दोन गोष्टी आणि मिटवा. आमच्या हेडबाई म्हणाल्या, "अवो, त्याईच्या बाया शेतातच बाळंत होतात. त्याईले रजा कायले पाह्यजे?"

माझे यजमान यावर काही बोलत नसत. ते खादीच्या दुकानात विक्रीला होते. रोज सकाळी सूत काढायचे. कधी मुंगीलाही त्यांनी मुद्दाम चिरडलं नसेल. लग्नाला तीन वर्षं झाली होती, माझ्यावर त्यांनी आवाज चढवला नव्हता. आमच्या जिल्ह्यात सफाई या शब्दाला देवळातल्यासारखा मान होता. शिकलेली, मोठ्या घरची माणसं हातात खराटा घेताना त्यांनी लहानपणापासून पाहिली होती. संप त्यांना पटत नव्हता. "काम थांबवून कोनाचं भलं होते?" एवढंच म्हणायचे.

रविवारी सकाळी बाजारचौकात जाहीर सभा झाली. लोक नाकाला रुमाल लावून आले होते. बायका एका बाजूला ओट्यावर. मेहतर चौकाच्या कडेला, उन्हात, उभेच. तीही होती. छातीवर तिनं फडकं घट्ट आवळून बांधलं होतं. ते कशासाठी हे तिथल्या प्रत्येक बाईला कळत होतं.

अध्यक्ष आधी बोलले. कमेटी गरीब आहे, गाव आपलं आहे, वगैरे. मग त्यांनी तो कागद वर धरला. "अन् यातली मौज ऐका. मेहतरणीले बाळंतपणाची रजा पाह्यजे! आज ह्या मागून राह्यल्या, उद्या गाडीचे हेले मागतील."

लोक हसले. खूप हसले. माझ्या शेजारच्या बायकाही पदर तोंडाला लावून हसल्या.

मी उठून उभी राहिले. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्या तीन बादल्या असतील. मी म्हटलं, "मले पगारी रजा भेटली. ह्याच कमेटीनं देली. माह्या कागदावर तुमीच शुभेच्छा लिहिली आहे, वकीलसाहेब. माह्या पोटातलं मूल, अन् तिच्या पोटातलं काय हेला होता?"

मग मागून कोणीतरी ओरडलं, "मास्तरणीले संडासात पाठवा!" अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "बाईंची प्रकृती नाजूक आहे, त्यांना घरी न्या." तेवढ्यात तो मेकॅनिक बोलायला समोरच्या ओट्यावर चढला. त्याचं पहिलं वाक्यही पुरं झालं नाही. वीट आली. मी ती येताना पाहिली, आणि लागल्याचा आवाज ऐकला. नारळ फुटावा तसा नव्हे, ओलं काहीतरी आपटावं तसा. तो बसला आणि त्याच्या कानामागून रक्त मानेवर आलं. मग दोन्हीकडून दगड सुरू झाले. एका म्हातारीला लोकांनी तुडवलं. माझ्या यजमानांनी माझं मनगट धरलं आणि मला ओढत घरी आणलं. मनगटावर त्यांच्या बोटांचे वळ उठले.

"मले विचारलं असतं तू," ते म्हणाले. रागानं नाही, दुःखानं. "रजा देऊन गाव साफ होत नाई. हातानं होते."

दुसऱ्या दिवशी पहाट फुटताच ते डबा घेऊन निघाले. अध्यक्षांनी स्वयंसेवक दल काढलं होतं. तीसेक माणसं, पांढऱ्या टोप्या, हातात मेहतरांच्याच लोखंडी पट्ट्या. बहुतेक जण खराटे मारून, जयजयकार करून घरी गेले. माझे यजमान मात्र खरंच टोपल्या ओढत राहिले. आमच्या गल्लीत मी त्यांना पाहिलं. लिंबाच्या झाडामागे जाऊन ते ओकले, तोंड पुसलं आणि डबा पुन्हा डोक्यावर घेतला. घाण त्यांच्या कानावरून ओघळत होती. घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. मला त्यांचा अभिमान वाटला आणि रागही आला, दोन्ही एकाच वेळी. मी म्हटलं, "तुमी चार दिवस कराल. त्याईले जन्मभर करायचं आहे."

"मंग मीही जन्मभर करीन," ते म्हणाले. आणि तेव्हा त्यांना ते खरंच वाटत होतं.

दलाच्या तिसऱ्या सकाळी मेहतर गावाबाहेरच्या मैल्याच्या खड्ड्याच्या वाटेवर आडवे बसले. पुढचं मी यजमानांच्या तोंडून आणि दुसऱ्यांकडूनही ऐकलं. हे डबा डोक्यावर घेऊन पुढे गेले. ती उठून त्यांच्यासमोर आली. हात जोडून म्हणाली, "भाऊजी, तुमी पुण्य करून राह्यले, अन् आमच्या पोटावर पाय पडून राह्यला. डबा खाली ठेवा." हे म्हणाले, "बाजूले हो बाई, मी कोनाच्या वाईटावर नाई." ती हलली नाही. मागून कोणाचा तरी धक्का लागला, कोणाचा ते कधीच कळलं नाही, आणि सगळा डबा त्यांच्या अंगावर आला. डोळ्यांत, तोंडात. आणि वाटेवर बसलेले मेहतर हसले. पिढ्यान्‌पिढ्या जे त्यांच्या अंगावर सांडत आलं होतं ते एकदा दुसऱ्याच्या अंगावर सांडलेलं पाहून ते हसले, बायकापोरांसकट.

मी अंगणात त्यांच्यावर पाणी ओतत होते. या वेळी लांबून नाही. "हसले," ते म्हणाले. "मी त्याईचंच काम करून राह्यलो, अन् ते हसले." पुन्हा पुन्हा तेच. जेवले नाहीत. सूत काढायला बसले, धागा तुटत राहिला.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. दुर्गंधीमुळं मुली आल्याच नव्हत्या. शाळेच्या मागच्या व्हरांड्यातून नाल्यापलीकडे मेहतरांची वस्ती दिसायची. मी कुलूप लावत होते तेव्हा आरडाओरडा ऐकू आला.

पांढऱ्या टोप्या होत्या आणि त्यांच्यात तालमीतली पोरंही मिसळली होती. लाठ्या, सळया. ते नाला ओलांडून वस्तीत घुसले आणि घरांवरचे पत्रे ओढून काढू लागले. मडकी फुटत होती. एकानं डुकराला सळई खुपसली, ते ओरडत सगळ्यांच्या पायांतून धावत सुटलं. बायकांनी चुलीवरचं उकळतं पाणी फेकलं. एक माणूस दोन्ही हातांनी तोंड धरून जमिनीवर लोळत होता आणि त्याची कातडी बोटांना चिकटून येत होती. वस्तीतली पोरं छपरांवरून दगड मारत होती. एका म्हाताऱ्या मेहतराला चौघांनी धरलं होतं आणि पाचवा त्याच्या गुडघ्यांवर लाठी मारत होता, मोजल्यासारखा, घाई न करता.

मग मला हे दिसले. हातात ती लोखंडी पट्टी. टोपी पडलेली. ती आपल्या दारात बसली होती, उठलीसुद्धा नव्हती. हे तिच्यासमोर थांबले. काहीतरी बोलले, मला ऐकू आलं नाही. तिनं मान वर केली. आणि त्यांनी पट्टी फिरवली. एकदाच. सूत काढतात त्याच हातानं.

तिनं दोन्ही तळवे डोळ्यावर दाबले आणि बोटांमधून रक्ताबरोबर पांढरं काहीतरी खाली आलं. मी ओरडले. नाल्यापलीकडे कोणाला माझा आवाज जाणार होता? हे तिथंच उभे होते, पट्टीकडे पाहत. मग धावत सुटले. पोलीस आले ते नंतर, आणि त्यांच्या लाठ्या पडल्या त्या वस्तीतल्या लोकांवर.

मी घरी पोचले तेव्हा हे मोरीत हात धूत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी आज घरीच होतो. कोनी विचारलं त सांगजो."

मी पाहिलं आहे हे मी सांगितलं नाही. पोटात मूल फिरलं. मी भाकरी टाकायला बसले.

दोन दिवसांनी मी दवाखान्यात गेले. व्हरांड्याच्या टोकाला, खाटेवर नव्हे, जमिनीवर ती पडली होती. अर्ध्या तोंडावर पट्टी. डॉक्टर म्हणाले, डोळा गेला. मी तिच्याजवळ बसले.

"काऊन आल्या बाईजी?" तिनं विचारलं.

तिच्याजवळचा रिकामा तांब्या मी भरून आणला.

"मी पोलिसात नाव देलं," ती म्हणाली. "तुमच्या घरवाल्याचं. आता शिव्या द्यायच्या असन त देऊन घ्या."

"शिव्या द्यायले नाई आली."

"मंग जा. तुमाले सातवा लागला असन. अशा जागी बसू नोका."

संप अकराव्या दिवशी मिटला. वर्ध्याहून सरकारी साहेब आले, दोन्ही बाजूंना बसवलं. ती कामावर परत, दीड महिन्याची बाळंतपणाची रजा, आठवड्याला अर्धी सुटी, गाड्या मागवू. मेकॅनिकला जिनातून काढलं आणि तो पुलगावकडे निघून गेला. विटेनं त्याचा एक कान गेला होता. गुडघे फोडलेला म्हातारा पुन्हा उभा राहिला नाही. यजमानांना पकडलं, जामिनावर सोडलं. माझ्या रजेत मला मुलगी झाली.

खटला वर्ध्याला चालला. बचावाला स्वतः अध्यक्ष उभे राहिले, आमच्याकडून काही न घेता. आदल्या संध्याकाळी ते आमच्याकडे आले, मुलीला मांडीवर घेतलं, चहा घेतला. म्हणाले, "बाई, तुम्ही एवढंच म्हणायचं. ते दिवसभर घरी होते, माझी प्रकृती बरी नव्हती म्हणून. सभेतलं मी विसरलो. आता घर सांभाळा." हे कोपऱ्यात बसून माझ्याकडे पाहत होते. मी मान हलवली. ती होकाराची होती की कशाची, मलाही ठाऊक नव्हतं.

कोर्टात मी पिंजऱ्यात उभी राहिले तेव्हा मुलगी माझ्या खांद्यावर झोपली होती. समोर बाकावर ती होती. पट्टी निघाली होती. डोळ्याच्या जागी कातडी शिवून टाकली होती, ओढून, चोळीला ठिगळ लावतात तशी.

वकीलसाहेबांनी विचारलं, "त्या दिवशी सकाळी तुमचे पती कुठे होते?"

"घरी नव्हते."

त्यांनी चष्मा काढला. "नीट आठवा. तुमची प्रकृती—"

"माझी प्रकृती ठीक होती. मी शाळेच्या व्हरांड्यात होते. ते वस्तीत होते. त्यांच्या हातात लोखंडी पट्टी होती. त्यांनी एकदा मारलं. ती बसलेली होती."

माझा आवाज मला परक्या बाईचा वाटत होता. मागं कोणीतरी मला एक घाणेरडा शब्द बोललं, मॅजिस्ट्रेटनं टेबल वाजवलं. मी यजमानांकडे पाहिलं नाही. सहा महिन्यांची शिक्षा झाली.

बाहेर पायऱ्यांवर ती मला भेटली. मला वाटलं, ती काही बोलेल. तिनं मुलीकडे पाहिलं, एका डोळ्यानं पाहायला तिला मान बरीच वळवावी लागली. "पोट्टी का पोट्टा?"

"पोट्टी."

"बरं आहे," ती म्हणाली, आणि मोटारस्टँडकडे चालू लागली.

गावानं मला सोडलं नाही. घरावर दगड आले, एक पाळण्याजवळ पडला. आमच्या दारावर मैला फेकला गेला, तो मेहतरांनी नव्हता फेकला. सासरची माणसं वडनेरला होती. मोठ्या जावेनं निरोप पाठवला की मी त्यांना मेले. आया आपल्या मुली माझ्या वर्गातून काढून घ्यायला लागल्या. नळावर मी घडा ठेवला की बाकीच्या आपले घडे उचलून घ्यायच्या. एकदा भर रस्त्यात तालमीतल्या एका पोरानं माझा पदर ओढला आणि मी त्याच्या तोंडावर छत्री मारली. त्याचा ओठ फाटला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट चांगलं वाटलं, आणि मग माझीच मला भीती वाटली. मारण्याचं सुख एवढंसं असतं, हातातून निघून जातं, हे मला त्या दिवशी कळलं.

हे सुटून आले तेव्हा वाळले होते. मुलगी त्यांना पाहून रडली. त्यांनी पाणी मागितलं, प्यायले, आणि विचारलं, "तू खरंच पाह्यलं होतं?"

"हो."

"पयल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"तुमी सांगाल म्हनून वाट पाहून राह्यली होती."

त्यांनी खांबाला डोकं टेकलं. ते मला मारतील असं मला वाटलं, आणि मी मुलीला आत ठेवून आले. त्यांनी मारलं नाही. त्या दिवशीही नाही, नंतर कधीच नाही. दुकानानं त्यांना परत घेतलं नाही. भावानं वडनेरला वाटणीचं शेत दिलं, तिथं ते राबायला लागले, आठवड्याला यायचे. चरखा त्यांनी कोणाला तरी देऊन टाकला. अठ्ठावीस वर्षं आम्ही संसार केला. तो वाईट नव्हता.

गाड्या आल्या, पण आमच्या गल्लीत त्या शिरेनात. दोन वर्षं डबे डोक्यावरच राहिले. मी कमेटीत अर्ज केला, तेव्हा कारकून म्हणाला, "गल्ल्या रुंद करा." ती आता रस्ते झाडायची; डब्याच्या कामावरून तिला काढलं होतं, एका डोळ्यानं पायऱ्या दिसत नाहीत म्हणून. तिला पुढं मुलगा झाला. दीड महिन्याची रजा घेणारी गावातली ती पहिली मेहतरीण. हे मला जमादारानंच सांगितलं, तक्रारीच्या सुरात.

पुढं कधीतरी मी यजमानांना म्हटलं, "तुमी एकदा जा तिच्याकडे. माफी मागा."

ते चपलेचा अंगठा शिवत होते. म्हणाले, "ती माफ करून टाकन. मले माहीत आहे. तिनं माफ केलं, त मंग माह्यापाशी काय राह्यते?"

ते गेले नाहीत. मीही पुन्हा म्हटलं नाही.